झुलाल नानांची बिनक्लचची गाडी

गाडी घ्यायला आलेला माणूस इंजिन बघत नाही. तो आधी गाडीवर बसतो आणि पाय जमिनीला टेकतात का ते बघतो. मग सीट दाबतो, हॉर्न वाजवतो, मागच्या कॅरियरला धरून गाडी हलवतो आणि मान न उचलता विचारतो, "ॲव्हरेज किती देते?" त्या प्रश्नाचं उत्तर त्याला नको असतं. त्याच्या डोळ्यांसमोर त्या वेळी त्याचा रस्ता असतो. शेताचा, सासरवाडीचा, बाजाराचा. ही गाडी त्या रस्त्यावर आपल्याला नेईल का, एवढंच त्याला जाणून घ्यायचं असतं. धुळ्याला आग्रा रोडवर मी अशी माणसं पुष्कळ पाहिली. त्यांना काय हवं आहे ते आपल्याला कळतं, असा माझा समज होता.

मी चायना गाड्या विकायचो. कंपनीचं नाव इथे लिहीत नाही. ती आता नाही, आणि लोकांनीही ते नाव कधी घेतलं नाही. पेट्यांमधून सुटे भाग चीनहून यायचे, परराज्यातल्या एका शेडमध्ये जोडले जायचे आणि टाकीवर हिंदी नावाचं स्टिकर लागायचं. पण दोंडाईच्यापासून जामनेरपर्यंत तिला सगळे "चायना" म्हणायचे. धुळे आणि जळगाव, दोन्ही जिल्ह्यांची एजन्सी माझ्याकडे होती. शंभर सीसीची गाडी, सेल्फ स्टार्ट, चकचकीत चाकं आणि मीटरमध्ये कितवा गिअर पडला आहे त्याचा लाल आकडा. दोंडाईच्याच्या एका मिरची व्यापाऱ्याने तर केवळ त्या आकड्यासाठी गाडी घेतली. तो गाडी स्टँडवर लावून, मागचं चाक अधांतरी फिरवत पाहुण्यांना एक ते चार आकडे दाखवायचा. पुढे त्याने तिला ट्रॅक्टरचा हॉर्न बसवला आणि सारखी बॅटरी बसते म्हणून माझ्याशी भांडत राहिला. "भाऊ, तुमची गाडी चांगली आहे, पण आवाजाला कमी पडते," असं तो म्हणायचा.

या गाड्यांत एक मॉडेल बिनक्लचचं होतं. ज्यांना गाड्यांचं काही कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो. इंजिन सतत फिरत असतं. गिअर बदलायचा तर इंजिन आणि चाक यांना क्षणभर एकमेकांपासून सोडवावं लागतं. हे काम क्लच करतो. साध्या मोटरसायकलला डाव्या मुठीपुढे एक लिव्हर असते. ती चार बोटांनी दाबली की क्लच सुटतो. आमच्या त्या मॉडेलला ही लिव्हरच नव्हती. इंजिनाच्या पोटात वजनदार पट्ट्या होत्या. इंजिनाने वेग घेतला की त्या बाहेर फेकल्या जाऊन भोवतालच्या ड्रमला धरायच्या, आणि पायाने गिअर दाबला की क्लच आपोआप सुटायचा. हाताला काही काम नाही. गिअर पडताना आवाज मध्येच अडखळायचा, बोलता बोलता माणसाने आवंढा गिळावा तसा, आणि पुन्हा सुरू व्हायचा. तो आवाज मी आजही गर्दीत ओळखीन.

झुलाल नाना सोनगीरजवळच्या खेड्यातले. ते पहिल्यांदा दुकानात आले तेव्हा गाडी त्यांच्या मुलाला घ्यायची होती. मुलगा दुसऱ्या मॉडेलभोवती फिरत होता, मी त्याच्या मागे. नाना खुर्चीवर बसून राहिले. डावा हात उपरण्यात गुंडाळलेला. थोड्या वेळाने ते उठले आणि त्या बिनक्लचच्या गाडीवर जाऊन बसले. दोन्ही हात हँडलवर ठेवले तेव्हा मला दिसलं, डाव्या हाताला अंगठा तेवढा शिल्लक होता. चारही बोटं कडबा कापायच्या यंत्रात गेलेली.

"हिना क्लच कोठे शे?" त्यांनी विचारलं.

"हिला क्लच नाही, नाना."

"तुटी गया का?"

"नाही, नाही. मुळातच नाही. हाताने काही दाबायचं नाही. पायाने गिअर टाका आणि जा."

नाना बराच वेळ त्या रिकाम्या मुठीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "परत सांग."

मी परत सांगितलं. त्यांनी मुलाला हाक मारली आणि मला त्याच्यासमोर तिसऱ्यांदा सांगायला लावलं. अपघातानंतर मुलाने त्यांची मोटरसायकल विकून टाकली होती, कारण क्लच दाबायला बोटं नव्हती. तेव्हापासून नाना शेतात जायचे ते कुणाच्या तरी मागे बसून. कुणी रिकामा असेल तेव्हा, त्याची वाट असेल तिकडून. पुढे एकदा चहा पिताना ते मला म्हणाले होते, "मांगे बशीसन माणूस फक्त दुसराना मानगूट देखस, भाऊ." त्या दिवशी मात्र त्यांनी एवढंच विचारलं, की उद्या काही बिघडलं तर सामान मिळेल का.

"मिळेल की. मी आहे ना," मी म्हणालो.

हे वाक्य मी प्रत्येक गिऱ्हाइकाला म्हणत असे. धंद्यात ते म्हणावंच लागतं. खोटं बोलतो आहे असं तेव्हा मला कधीच वाटलं नाही.

बिनक्लचची गाडी नानांसाठी देवाने धाडली होती, पण बाकीच्यांना ती आवडेना. तरुण पोरांना लाज वाटायची. क्लच नाही म्हणजे बायकांची गाडी. पुढचं चाक उचलता येत नाही, सिग्नलला उभं राहून घुर्रघुर्र करता येत नाही. कॉलेजच्या गेटवर मित्र चिडवतात, अशी तक्रार घेऊन एकाचे वडीलसुद्धा माझ्याकडे आले होते. मी ते सगळं कंपनीला कळवत राहिलो. शेवटी कंपनीनेच हाताच्या क्लचचा जोड पाठवायला सुरुवात केली: लिव्हर, केबल, इंजिनाचं एक झाकण आणि आतला नवा क्लच. जुना काढायचा, हा बसवायचा. गिऱ्हाइकाला फुकट.

मी दुकानावर पाटी लावली, "चायना आता क्लचमध्ये." टेम्पोत सामान घालून गावोगाव फिरलो. दोंडाईचा, पारोळा, एरंडोल, जामनेर. पारावर गाडी आडवी करायची, ऑइल काढायचं, झाकण उघडायचं. पोरं भोवती गोळा व्हायची. क्लच बसला की पहिल्या फेरीला पुढचं चाक उचललंच पाहिजे असा त्यांचा नियम होता. ते दिवस माझ्या आयुष्यातले फार सुखाचे होते, हे लिहिताना आज लाज वाटते, पण खरं तेच आहे. लोक खूश, कंपनी खूश, आणि मी जिथे जाईन तिथे चहा.

काढलेले जुने क्लच दुकानामागे लिंबाच्या झाडाखाली साचत गेले. चांगले होते सगळे, काही तर जवळजवळ नवे. नाना एकदा ऑइल बदलायला आले असताना त्या ढिगापाशी उकिडवे बसले. एक क्लच हातात घेऊन त्यांनी उलटासुलटा केला.

"बठ्ठासले क्लच जोयजे," ते म्हणाले, "माले एकलालेच नको. यामझारला एखादा माले ठेई दे ना." यामझारला, म्हणजे यातला.

"नाना, हे भंगार कशाला? लागला तर नवा मागवून देईन. कंपनी आहे, मी आहे ना."

त्यांनी क्लच ढिगावर परत ठेवला. अगदी हलक्या हाताने, अंडं ठेवावं तसा. दिवाळीच्या साफसफाईत भंगारवाला तो ढीग घेऊन गेला.

त्यानंतर कंपनी गेली. काही जळालं-बुडालं नाही, कुणी सांगायलाही आलं नाही. पेट्या उशिरा येऊ लागल्या, मग येईनाशा झाल्या, फोन नुसता वाजत राहिला. मी पाटी उतरवली आणि दुकानाचं साधं गॅरेज केलं. गिऱ्हाइकं येत राहिली, सामानासाठी. इकडचा तिकडचा भाग घासून, वेल्डिंग करून मी बसवत गेलो. एका गाडीला दुसऱ्या गाडीचे अवयव. हळूहळू चायना रस्त्यावरून कमी झाल्या. कुणी शेतातल्या पाण्याच्या पंपाला तिचं इंजिन जोडलं, कुणी गोठ्यात कोंबड्यांना बसायला ठेवली. "मी आहे ना" म्हणणं मी सोडून दिलं. बायकोच्या लक्षात आलं होतं. "गिऱ्हाइकाशी तुम्ही हल्ली एवढं कमी का बोलता?" असं तिने एकदा विचारलं.

नानांची गाडी मात्र चालत राहिली. दर दसऱ्याला ते हार घालून ती माझ्या दारात आणायचे. नारळ ते फोडायचे, मी चाकाखाली लिंबू ठेवायचो. "देख, अजून तुनी गाडी शे," असं ते म्हणायचे. तुनी, म्हणजे तुझी. कंपनीची नव्हे, त्यांचीही नव्हे.

गेल्या वर्षीच्या आधीच्या हिवाळ्यात ते गाडी मुलाच्या ट्रॉलीत घालून आले. मी सेल्फ मारला, गिअर टाकला, मूठ पिळली. इंजिन ओरडत राहिलं आणि गाडी जागची हलली नाही.

"इंजिन बोंबलस, पन चाक हालत नही," नाना म्हणाले. "मना सारखं व्हई गयं."

क्लचच्या पट्ट्या झिजून संपल्या होत्या. मी त्यांवर नवं लायनर, म्हणजे पकड धरणारं अस्तर, चिकटवून घेतलं; ऑइलमध्ये ते टिकलं नाही, सोनगीरच्या चढावर निघून आलं. धुळ्यात, जळगावात सगळ्या दुकानांत विचारलं. मोबाइलवर फोटो धाडून दिल्लीहून एक मागवला, तो बसेना. नानांचा मुलगा चांगला आहे, त्याने त्यांना बॅटरीवरची स्कूटर आणून दिली. पण तिचा मागचा ब्रेक डाव्या मुठीला, आणि त्यांच्या शेताला जाताना नदीच्या वाळूत उतरावं लागतं. वाळूत पुढचा ब्रेक दाबला की चाक घसरतं, म्हणून तिथे त्यांना तोच हवा, आणि तो दाबायला बोटं नाहीत. एकदा ते पडले. त्यानंतर मुलाने किल्ली काढून घेतली. नाना पुन्हा दुसऱ्याच्या मागे बसायला लागले.

मला झोप नीट लागेना. लिंबाखालचा ढीग सारखा डोळ्यांपुढे यायचा. मी एकेक गाडी आठवत गेलो: ही बदलली, हीदेखील बदलली, हिला तर मीच स्वतः क्लच बसवला. एवढ्या मोठ्या मुलखात एकही जुना क्लच उरू नये अशी सोय मी किती मन लावून केली होती. आणि मग जामनेरकडच्या एका गावातली बाई आठवली. तिच्या नवऱ्याने क्लच बसवायला मला अंगणात बोलावलं होतं आणि ती गाडीपुढे येऊन उभी राहिली होती. "क्लच लावला तर मी कशी चालवू? तुम्ही शिकवणार का?" नवरा हसला, मीही हसलो, आणि क्लच न बसवताच पाने-पकडी गोळा करून पुढच्या गावाला गेलो. माझ्या सगळ्या फेऱ्यांत मला परत पाठवलं ते तेवढं एकदाच.

जामनेरच्या ओळखीच्या माणसाला फोन केला. नवरा वारला होता. गाडी गोठ्यात उभी होती.

नाना आणि मी टेम्पोने गेलो. त्या बाईंना गावात सगळे इंदू अक्का म्हणतात. साठी उलटलेली, सडसडीत बांध्याची, आवाज खणखणीत. अंगणात ज्वारी निवडत बसल्या होत्या. मी आमचं काम सांगितलं. नानांचा हातही दाखवला, कारण दुसरं कसं सांगावं ते कळेना.

"एवढ्या लांबून आले, त्या डबड्यासाठी?" अक्का म्हणाल्या. "न्या ना मग. मले काय करायचं हाये तिचं आता. गुडघे दुखते. पोरगं पुण्याले. चहा घेऊन उघडा."

इतकं सोपं होईल असं मला वाटलं नव्हतं. गाडी गोठ्याबाहेर काढली, कडबा झटकला. आता खरं म्हणजे पाना लावून झाकण काढायचं, क्लच काढून घ्यायचा आणि निघायचं. पण आमच्या कामाची एक रीत आहे. कुठलंही इंजिन उघडण्याआधी ते चालू करून ऐकायचं. आतलं काय चांगलं आहे आणि काय गेलेलं आहे, ते आवाजावरून कळतं. माझ्या हाताला ती सवय इतकी लागलेली आहे, की मी विचारही केला नाही. जुनं पेट्रोल ओतून टाकलं, नवं भरलं, कार्बोरेटर फुंकला, प्लग घासला, टेम्पोच्या बॅटरीला वायर जोडून सेल्फ दाबला. दोन-चारदा नुसतीच घरघर झाली. मग काळा धूर आला आणि गाडी सुरू झाली.

मी कान देऊन ऐकत होतो. क्लच उत्तम होता. "झालं, नाना," असं म्हणत मी किल्लीकडे हात नेला.

"बंद नका करू."

अक्का सूप हातात घेऊनच उभ्या होत्या. त्यांनी सूप ओट्यावर ठेवलं, पदर कमरेला खोचला आणि मला बाजूला सारून गाडीवर बसल्या. टाचेने गिअर टाकला. आवाज अडखळला, पुन्हा लागला, आणि गाडी फाटकातून बाहेर पडली. शेजारच्या घरातली माणसं दारात आली. अक्का कपाशीच्या बांधाने सरळ गेल्या आणि वळणाला दिसेनाशा झाल्या.

मी पाने हातात घेऊन उभा. नाना बाजेवर बसले होते. अक्का पडल्या तर काय, हे माझ्या मनात. नानांच्या मनात काय होतं ते मला नंतर कळलं. ते आवाज ऐकत होते, आणि प्रत्येक गिअरला त्यांचा डावा अंगठा किंचित हलत होता.

अक्का परतल्या तेव्हा केस विस्कटलेले आणि पायाला चिखल. गाडी बंद न करता तिच्यावर बसूनच बोलायला लागल्या, जसं काही आम्ही विचारलंच होतं.

"आमचे हे मले आखाजीले माहेरी सोडायले कधी वेळेवर नाही आले. आज कापूस, उद्या पाणी. पोरी सगळ्या माहेरी पोचून झोक्यावर, अन मी इथं वाट पाहत. ही गाडी आली, मी मळ्यात शिकली, अन त्या वर्षी आखाजीले एकटी गेली. झोक्यावरच्या बायांनी गाणं बंद केलं, भाऊ. सगळ्या उभ्या राहून मलेच पाहत व्हत्या."

आमच्याकडे अक्षय्य तृतीयेला आखाजी म्हणतात. सासुरवाशिणीने त्या दिवशी माहेरी जायचंच असतं, झाडाला बांधलेल्या झोक्यावर गाणी म्हणायची असतात; पण माहेर नदीपलीकडे असलं तरी एकटीने चालत जायची रीत नाही, कुणीतरी सोडायला लागतं. दिवाळीला नाही गेली तर एक वेळ चालतं.

अक्का उतरल्या. "काढा आता," म्हणाल्या, आणि सूप घेऊन ज्वारीपाशी बसल्या. आमच्याकडे पाठ करून.

मी झाकणाच्या पहिल्या बोल्टला पाना लावला. नाना बाजेवरून उठून आले आणि त्यांनी तो हाताने बाजूला केला.

"नको, भाऊ."

"नाना, एवढ्या लांब आलो आपण."

"मी मरेल गाडीना क्लच लेवाले ऊनतू. हाई तर चालू शे. तिना जीव काढीसन मनी गाडी नही चालाडनी माले." मेलेल्या गाडीचा क्लच घ्यायला ते आले होते, जित्या गाडीचा नाही.

"मग काय करायचं? दुसरी गाडी नाही. मी सगळीकडे शोधलं."

"नही तर नही. मांगे बससू."

मांगे बससू. मागे बसेन. किती साधेपणाने म्हणाले. मी तिथेच मातीत बसलो आणि अक्कांना तो ढीग सांगितला, लिंबाखालचा. नानांनी एक मागितला होता आणि मी दिला नाही, हेही सांगितलं. तोवर हे कुणालाच सांगितलं नव्हतं. मी गाडी चालू केली नसती तर हा प्रसंगही आला नसता, असं काहीतरी म्हणालो. रडू फुटलं असेल मला, कारण अक्का वळल्या.

"अहो भाऊ, भंगार विकलं तुम्ही, माणूस नाही मारला. रडता कायले? नाना बोटांसाठी रडत नाहीत, अन तुम्ही क्लचसाठी रडता."

नाना हसले. मला हसू आलं नाही.

अक्कांनी सुपातले खडे वेचून फेकले. मग नानांकडे न बघता म्हणाल्या, "अख्खीच न्या."

"अक्का, तिले तुम्हीन..." नाना म्हणू लागले.

"वर्षातून मले एक दिवस पाहिजे ती. बाकीचे दिवस गोठ्यातच उभी राहते ना. आखाजीले आणून द्यायची, मी माहेरी जाऊन येईन, मग घेऊन जायची. न्यायची तर अशी न्या."

"एक दिस काय, आठ दिस ठेवा अक्का."

"आठ दिवस माहेरी कोण ठेवते आता? भाऊ गेला. भावजय पोराकडे गेली. घर बी विकलं."

मी मूर्खासारखं विचारलं, "मग आखाजीला जाता कुणाकडे?"

अक्कांनी माझ्याकडे असं बघितलं की आजही ते आठवलं तर मान खाली जाते. "कुणाकडे कायले? रस्ता तर हाये."

तेव्हापासून असं चाललं आहे. नानांच्या जुन्या गाडीचे उपयोगी भाग मी गॅरेजमध्ये तेल लावून, कापडात गुंडाळून ठेवले आहेत. कुठलाही भाग आता मी फेकत नाही. गॅरेजमध्ये पाय ठेवायला जागा नाही म्हणून बायको बोलते, ते तिचं बरोबर आहे. नाना पुन्हा आपल्या शेतात आपल्या वेळेला जातात. मुलगा सांगतो, कधीकधी ते उगाचच सोनगीरच्या किल्ल्याखालपर्यंत जाऊन परत येतात. काही काम नसतं.

या आखाजीला नाना धुळ्याहून जामनेरच्या त्या गावापर्यंत स्वतः गाडी चालवत गेले. टेम्पोत घालू म्हटलं तर ऐकेनात. मी मागून टेम्पोने. उन्हात पारोळ्याला, एरंडोलला थांबत, उसाचा रस पीत. एरंडोलजवळच्या एका चढावर मला आवाजात काहीतरी वेगळं लागलं. इंजिनाचा वेग वाढला आणि गाडीचा वाढला नाही. अगदी थोडं. ज्याने त्या गाड्या आयुष्यभर ऐकल्या त्यालाच कळावं इतकं. नानांना ते मी सांगितलं नाही.

अक्का तयार होत्या. नवं लुगडं, कपाळाला मोठं कुंकू, पिशवीत सांजोऱ्या. "कोणाले देणार?" असं नानांनी विचारल्यावर म्हणाल्या, "झोक्यावर ज्या पोरी असतील त्यांले. त्या मले ओळखत नाहीत, पण खातात." गाडीवर बसल्या, गिअर टाकला आणि गेल्या.

नाना आणि मी त्यांच्यामागे चालत नदीपर्यंत गेलो. माहेर पलीकडच्या काठावर. पात्रात पाणी नव्हतं. अक्का वाळूतून तिरप्या जाताना दिसल्या, मग समोरच्या काठाच्या चढाला लागल्या. मधे बाभळी आहेत, तिथून पुढे नुसता आवाज. तो चढू लागला, आणि मध्येच पट्ट्या सुटल्या. इंजिन मोकळं ओरडलं. किती वेळ गेला सांगता येत नाही. मग आवाज अडखळला, खालचा गिअर पडला, आणि गाडीने पकड घेतली. ओढत, ओढत आवाज वर गेला.

"चढनी का?" नानांनी विचारलं.

"चढली, नाना."

"माले बी ऐकू ऊनं," ते म्हणाले. "मी मघाशीच ऐकं, एरंडोलपाशी."

दुसरा क्लच कुठेच नाही, हे त्यांना माहीत होतं. मला तर होतंच.

नानांनी उपरणं झटकून बाभळीच्या सावलीत पसरलं आणि बसले. "पुढला साल देखू," म्हणाले. "तू शे ना."

मी त्यांच्याशेजारी बसलो. पलीकडून झोक्यावरच्या गाण्याचा आवाज येत होता. तो बंद पडला, आणि थोड्या वेळाने पुन्हा सुरू झाला. गाडीचा आवाज परत येईपर्यंत आम्ही तिथून उठलो नाही.